खाली कोन उभं राहीन

मी मूळची कोंढ्याची, पवनीच्या अंगचं कोंढा, तिकडं कोनी गेलं असन तं माहीत राहीन, जिकडं पाहा तिकडं धानाच्या बांध्या, मधात एखादी बोडी, म्हनजे लहान तलाव, आन् बोडीच्या पारीजवळ आमचं घर. बाप धानाचाच मानूस, आमी पाच बहिनी, त्यातली मी तिसरी, पारबता. आन् लहानपनापासून माझ्या अंगात हे जळन आहे, खोटं कायले सांगू तुमाले. मोठीले बांगड्या भरल्या का माझं जेवन बंद. लहानीले बापानं खांद्यावर घेतलं का मी बोडीत गोटे मारत बसू. माय म्हने का या पोरीले चुलीपाशी नोको बसवा वो, हे बिना लाकडाची पेटते. तं असा माझा स्वभाव आहे, तो आधी लिवून घ्या, मंग पुढचं समजन.

लगन झालं आन् मी सानगडीले आली. सासरा बी धानाचा मानूस, पन माझ्या नवऱ्याले, मोतीरामले, चिखल आवडे नाई. तो साकोलीले एका ठेकेदाराच्या हाताखाली सेंट्रिंगचं काम शिकला आन् पुढं त्याची आपली टोळी झाली, चार-सहा मानसं, दोन-तीन बाया. तवा आमच्या इकडं सगळी कवेलूची घरं, स्लॅप पाहाचा तं शाळेचा नाई तं सरकारी गोदामाचा. लोक त्याले मिस्त्री म्हनत, मी बी मिस्त्रीच म्हनू, चारचौघात नवऱ्याचं नाव कोन घेते. आज तो नाई तं घेऊन राहिली.

आता सेंट्रिंग म्हनजे काय ते सांगते, नाई तं माझं रडगानं तुमच्या डोक्यात बसनार नाई. स्लॅप टाकते तवा तो खिरीसारखा पातळ राहाते, त्याले झेलाले खालून फळ्या लागते, आन् फळ्याइच्या खाली बल्ल्या, जंगलातल्या सरळ सरळ बल्ल्या, एकीजवळ एक, का मानसाले खोलीतून आडवं होऊन चालावं लागते. मंग स्लॅपावर मातीचे धुरे घालाचे, आपन धानाच्या बांध्या पाडतो ना अगदी तशाच, आन् त्यात पानी भरून ठेवाचं, आटलं का पुन्हा भराचं. पानी पेत राहाते तवाच तो पक्का होते. आन् मंग एक दिवस कोनीतरी म्हनाचं, खोला. तसं म्हनलं का खालच्या पाचरा ठोकून बल्ल्या काढते, खोलीत मधातून सुरू करून भिंतीकडं जाचं, छज्जा असन तं बाहेरच्या टोकाकून भिंतीकडं, आन् स्लॅप आपल्या पायावर उभा राहाते. सारं काई त्या एका शब्दात आहे बापा. लवकर म्हनलं तं स्लॅप वाकन नाई तं मानसाच्या डोक्यावर येईन, आन् उशीर केला तं ठेकेदार बोंबलन, काहून का त्याच फळ्या आन् त्याच बल्ल्या त्याले दुसऱ्या गावच्या कामावर न्याच्या राहाते. उन्हाळ्यात लवकर होते, थंडीत लगित वेळ लागते. लहान खोलीचं वेगळं, मोठ्या खोलीचं वेगळं. एकच हिशोब सगळीकडं लावता येत नाई.

मिस्त्रीच्या टोळीत लहानू म्हनून एक मानूस होता, मिस्त्रीचा लंगोटीयार, आन् त्याची बायको सायत्रा. सायत्रा घमेली वाहे आन् स्लॅप टाकला का त्याच्यावर पानी माराचं काम तिचं. दिसाले काई खास नोती, काळीसावळी, हाडकुळी, हासली का एका अंगचा दात दिसे. तवा मी तिच्यावर जळत नोती. तिचं आपलं चांगलं होतं, माझं आपलं चांगलं होतं. पोळ्याच्या करीले दोघं यार आमच्याच ओसरीवर बसून जेवत आन् आमी दोघी आतून वाढू.

मंग ते छपरीचं झालं. एका गावी, नाव नाई सांगत, शाळेपुढची छपरी टाकली होती, भिंतीतून बाहेर आलेला मोठा छज्जाच होता तो, खाली खांब नाई. ठेकेदारानं दोनदा मानूस पाठवला, का बल्ल्या पाठवा, बल्ल्या पाठवा, तिकडचं काम अडून राहिलं. आमचा मिस्त्री वर उभा होता. त्यानं वरतून पाय आपटून पाह्यला आन् म्हनला, खोला. लहानू खाली होता. त्यानं टोकाची पाचर ठोकली, मंग दुसरी, मंग काय झालं ते कोनालेच नीट सांगता आलं नाई, छज्जा खाली आला आन् लहानूचा पाय त्याच्यात. भंडाऱ्याले नेला, जीव वाचला, पाय गुडघ्यापासून गेला. मिस्त्री वरतून भिंतीच्या अंगाले सरकला म्हनून त्याले खरचटलं बी नाई. तेच त्याले खात राहिलं, का मले खरचटलं बी नाई.

तो सायत्रेच्या घरी गेला तवा मी संग होती. लहानू खाटेवर, भिंतीकडं तोंड करून. सायत्रा तांदूळ निवडून राहिली होती, तिनं सुपातून मान बी वर नाई केली. म्हनली, मिस्त्री, तुमी वरतून म्हनलं खोला, आन् माझा मानूस खाली होता. आता असं करा, जो कोनी खोला म्हनन, त्यानं खाली उभं राहावं. बस, एवढंच म्हनली. रडली नाई, शिव्या देल्या नाई. देल्या असत्या तं बरं झालं असतं, मिस्त्री शिव्या खाऊन घरी आला असता. तो हे वाक्य घेऊन घरी आला, आन् ते वाक्य आमच्या घरात राहाले लागलं.

आन् तोच त्या टोळीचा कायदा झाला बरं का. खोला म्हननाऱ्यानं पहिली बल्ली निंघेपर्यंत खाली उभं राहाचं. दुसऱ्या टोळ्या हासत. पन गंमत पाहा, पुढचा स्लॅप टाकला, दिवस भरले, मिस्त्री खाली जाऊन उभा राहिला, घन हातात घेऊन मानसं तयार, आन् त्याच्या तोंडून खोला निंघे नाई. उद्या पाहू म्हने. उद्या आला का पुन्हा उद्या. ठेकेदारानं टोळी बदलाची भाषा केली. तवा सायत्रा, लहानूचा पाय गेल्यापासून आता घर तिच्यावरच होतं, ते वर पानी मारून राहिली होती, ते बादली ठेवून खाली उतरली, मधातल्या बल्लीजवळ जाऊन उभी राहिली, पदर खोचला आन् म्हनली, खोला. मिस्त्रीनं घन उचलला आन् ठोकला. स्लॅप हालला बी नाई. त्या दिवसापासून तो शब्द तिचा झाला, आन् त्याच दिवसापासून माझी भट्टी पेटली.

काय सांगू तुमाले. ज्या मानसानं मले कधी इचारलं नाई का भाजीत मीठ टाकलं का नाई, पोरीचं नाव काय ठेवाचं, बैल इकाचा का ठेवाचा, तो मानूस कामावर गेला का आधी इचारे, सायत्राबाई आली का. घरी येऊन जेवाले बसला का, सायत्रा म्हनते आज धुई पडली होती, ऊन नोतं, हा दिवस हिशोबात धराचा नाई. सायत्रा म्हनते काल वरच्या अंगाले पानी आटलं होतं, अजून थांबू. मी वाढता वाढता भात त्याच्या ताटात असा आपटू का शित उडे. शिदोरी घेऊन मी कामावर जाऊ तं काय दिसे, स्लॅपावर दोघं उकिडवे बसले आहे, मधात बांधीभर पानी, आन् दोघं बी त्या पान्यात पाहून राहिले, बोलत नाई, चालत नाई. धुऱ्यावर बसलेले बगळे राहाते ना, तसे.

आता तुमच्या मनात आलं असन ते मी सांगून टाकते, तसलं काई नोतं. देवाच्यान नोतं. तसलं असतं तं मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या आन् मोकळी झाली असती. गावातले लोक बी काई बोलत नोते, बोलले असते तं मले भांडाले तरी भेटलं असतं. तिच्या नवऱ्याचा पाय माझ्या नवऱ्याच्या शब्दानं गेला, आन् तिच्यावर जळाचं कसं, तुमीच सांगा. मले समजे सारं. समजे आन् तरी पोटात आग पडे. समजलं म्हनून आग विझते का?

म्हनून मी म्हनलं आपन बी कामावर जाऊ. पोरगी शालू मोठी झाली होती, पोरगा रमेश शाळेत जाये. धानाचा रोवना झाला का मी दोन वर्सं टोळीत गेली, घमेली वाह्यली, धुरे घातले. धुरे तं मी सायत्रेपेक्षा चांगले घालत होती, कोंढ्याची पोरगी मी, माझ्या धुऱ्यातून थेंब बाहेर जाये नाई. पन मिस्त्री मले स्लॅपाखालून जाऊ दे नाई. खाली बल्ल्याइतून जवळचा रस्ता राहे, सायत्रा तिथून खुशाल जाये, आन् मी पाय टाकला का हा ओरडे, तिकडून कायले, फिरून जा. डोक्यावर घमेलं घेऊन मी साऱ्या बिल्डिंगीले फेरा मारू. बाया हासत. मी एकदा म्हनलं, अजी, हा स्लॅप मी पान्यानं भरला, तं मले बी इचारा ना का झाला का. तं म्हने, तू घरी जा, भात कर. मी घमेलं तिथंच टाकलं आन् घरी आली. भात नाई केला त्या रोजी.

मंग आमचं सोताचं घर निंघालं. शालूचं लगन जुळलं होतं, आंबागडची सोयरीक, गडाखालचे लोक, चांगलं खानदान. मी म्हनलं पोरगी स्लॅपाच्या घरातून जाईन, कवेलूखालून नाई. पन तवा शिमिट परमिटावर भेटे, आज येते उद्या येते करत करत पुस उजाडला तवा पोती आली, आन् लगन तं ठरून गेलं होतं. कडाक्याच्या थंडीत स्लॅप टाकला. खाली मोठी खोली, बाजूले दोन लहान खोल्या, आन् साऱ्या घरात बल्ल्याच बल्ल्या. आमी बाजूच्या बैलाच्या जुन्या कोठ्यात राहून राहिलो होतो.

आन् पानी माराले कोन? सायत्रा. माझ्या घराचा स्लॅप, आन् मी उठाच्या आधी तिचे पाय त्याच्यावर. मी कोठ्यातून झाडझूड करत वर पाहू तं हे शेकोटीच्या धुरासारखी धुईत उभी, बादली ओतून राहिली. एक दिवस वरतून तिनं हाक मारली, मिस्त्री, या पाहाले. मिस्त्री चढला. धुऱ्याची माती बांधीतून आनली होती ना, तिच्यात धानाचे दाने राहून गेले होते. सायत्रा म्हने, पाहा, उन्हाळ्याच्या कामावर धुऱ्यातले दाने भरभर कोंबते, इथं अजून फुगलेच आहे. थंडीनं धान झोपला, तं स्लॅप बी झोपूनच असन. आन् दोघं हासले. माझ्या घरावर, माझ्या बापाच्या कामातली गोष्ट, धानाची गोष्ट, ते बी तिनंच त्याले सांगावं! मले का धान माहीत नोता? पन मले वर बोलावलं कोनी?

लगन जवळ आलं. आत चुना माराचा होता, जमीन सारवाची होती, पाहुने बसवाचे कुठं तेच समजे नाई. ठेकेदाराच्या बल्ल्या होत्या, त्याचा बी निरोप आला. टोळी सकाळी अंगनात जमली. मिस्त्रीनं इचारलं, सायत्राबाई, काय म्हनते. सायत्रा ओट्यावर बसली होती. म्हनली, लहान खोल्याइचं पाहू दोन-चार रोजात, पन मोठी खोली नाई. धुईचे दिवस काढले तं उरलं काय. लगन झाल्यावर पाहू.

लगन झाल्यावर! मी चुलीजवळून उठून आली, हाताले राख तशीच. म्हनलं, घर माझं, पोरगी माझी, लगन माझ्या घरचं, आन् खोलाचं का नाई ते हे बाई सांगन? वीस वर्सं मी तुमाले भात करून घातला, मले एका सवालाची तरी किंमत द्या. मी सांगते, खोला. मिस्त्री लाल झाला. म्हने, म्हनते तं कायदा माहीत आहे ना, जाय, खाली उभी राय. त्याले वाटलं मी मागं सरन. मी सरनारी नाई. मी गेली आत, बल्ल्याइतून आडवी होत होत, मोठ्या खोलीच्या मधात जाऊन उभी राहिली. वर फळ्याइच्या फटीतून पानी टपकून राहिलं होतं, माझ्या मानेवर थंडगार थेंब पडला. मी म्हनलं, ठोका.

मिस्त्री आत आला. मधातल्या बल्लीच्या पाचरीले घन लावून पाह्यला, मागं नेला. आन् तिथंच राहिला त्याचा हात. मी त्याच्या तोंडाकडं पाहून राहिली. एवढ्या वर्सात मी ते तोंड हासताना पाह्यलं, चिडताना पाह्यलं, लहानूच्या वक्ती मेल्यावानी झालेलं पाह्यलं, पन असं कधी नाई. त्यानं घन खाली ठेवला. म्हने, माझ्यानं होत नाई शालूची माय, तू बाहेर ये.

मी बाहेर येईन तं पारबता कायची. मी म्हनलं, सायत्रा उभी राहाते तवा कसं होते तुमच्यानं? तं म्हने, ते उभी राहाते तवा मले माहीत राहाते का पडनार नाई. तू उभी आहे तं मले काईच माहीत नाई, नुसतं भेव लागून राहिलं. आन् मंग खाली पाहून म्हने, म्हनून तं तुले कधी इचारलं नाई. इचारलं असतं तं तू खाली उभी राहिली असती.

मी थंड झाली तिथंच. फिरून जा, घरी जा, भात कर, सारं एकदम माझ्या डोक्यात आलं. डोळ्याले पानी आलं आन् खरं सांगते, पोटात गूळ फुटल्यासारखं बी झालं. मी हळूच सायत्रेकडं पाह्यलं, का आयकलं का नाई तिनं. आयकलं होतं. ते दारात येऊन उभी होती. आन् तिच्या तोंडावर मले ते दिसलं जे माझ्या तोंडावर रोज राहे. जळन. पहिल्यांदा माझ्यावर कोनीतरी जळून राहिलं होतं. ते मिस्त्रीले म्हनली, हा भेव तवा कुठं गेला होता मिस्त्री, माझा मानूस खाली होता तवा?

मंग सायत्राच मले म्हनली, पारबता, बाहेर ये बाई, चुलीवर भात करपून राहिला असन. मी गेली बाहेर. भात खरंच करपला होता.

लगन बल्ल्याइत झालं. मिस्त्रीच्या मानसाइनं जांभळीचे पानाभरले डगाले आनले आन् एकेका बल्लीले बांधले, घरातच हिरवागार मांडव झाला. बायाइनं शालूले हळद लावली आन् हात पुसाले दुसरं काई भेटे नाई तं बल्ल्याइलेच पुसले, पुऱ्या बल्ल्या पिवळ्या. आंबागडचे पाहुने आधी नाक मुरडून राहिले होते, का हे काय, जंगलात बसवलं का आमाले, याहीबुवानं तं दोनदा कपाळ आपटून घेतलं. पन मंग पंगतीत एकेक बल्ली पाठीले टेकून सारे असे आरामात बसले का उठे नाई. सायत्रा आली होती, लहानूले कुबडीवर धरून. तिनं शालूच्या हातावर कुंकवाची डबी ठेवली आन् आधी वर पाह्यलं, मंग शालूकडं. मले तवा बी राग आला, का पोरीकडं पाह्य आधी.

लगन झालं, ऊन तपाले लागलं, धुऱ्यात धान हातभर हिरवा झाला, तवा एक दिवस सायत्रा खाली उतरली आन् म्हनली, मिस्त्री, खोला. आन् मधात जाऊन उभी राहिली. मी काय केलं, मी बी गेली आन् तिच्या बाजूले उभी राहिली. मिस्त्री म्हने तू कायले. मी म्हनलं, घर माझं आहे. सायत्रा हासली, तो एका अंगचा दात दिसला. तिनं माझा हात धरला, तिचा हात गरम होता, खडबडीत होता, पान्यानं चिरलेला. मिस्त्रीनं घन उचलला. मी त्याच्याच हाताकडं पाहून राहिली होती, स्लॅपाकडं नाई. हात थांबला नाई. एका ठोक्यात पाचर उडाली, बल्ली पडली, धूळ आमच्या दोघींच्या डोक्यावर. मी खाली उभी असताना त्यानं ठोकलं, काहून का शब्द तिचा होता.

हे माझ्या डोक्यातून आजवरी जात नाई पाहा. मले त्याचा भेव भेटला आन् तिले त्याचा भरोसा. यातलं मोठं कोनतं, हे मी कितीदा मोजून पाह्यलं. कोनत्या दिवशी वाटते माझंच मोठं, ज्याच्यासाठी हात थांबते तेच आपलं मानूस. आन् कोनत्या दिवशी वाटते, बाई, भेव तं मांजरीच्या पिलासाठी बी वाटते, एखाद्याच्या शब्दावर डोळे मिटून घन मारनं सोपं नाई. त्या हळदीच्या बल्ल्या पुढं कोनत्या गावच्या स्लॅपाखाली गेल्या देव जाने, पन माझं मन तिथंच उभं आहे, त्या खोलीत.

आता मिस्त्री नाई, लहानू त्याच्याही आधी गेला. मी आहे आन् सायत्रा आहे. ते गावाच्या त्या टोकाले पोरापाशी राहाते, कमरेतून वाकली, दिसते बी कमी. सनावाराले येते, आन् अजून बी आत पाय टाकला का आधी वर पाह्यते, मले राम राम मंग. स्लॅप गळत नाई, भेग नाई, एवढ्या बरसाती गेल्या. रोज झोपताना मी त्याच्याखाली झोपते, म्हनजे तिच्याच शब्दाखाली झोपते ना. जगू दे तिले, लंबी उमर भेटो, माझ्या तोंडून वाईट निंघनार नाई. पन माझ्याआधी मेली तं मिस्त्रीले ते आधी भेटन, हा बी इचार येते मनात, तुमी काई म्हना.

आता रमेशच्या पोरानं वरचा मजला बांधाले घेतला आहे. नोकरीवाला आहे, समजदार आहे. स्लॅप टाकून झाला, आता लोखंडी टेकू राहाते, लाकडाच्या बल्ल्या गेल्या, बाकी थंडी तेच आन् धुई तेच. काल मी उन्हात बसली होती तं माझ्याजवळ येऊन बसला आन् म्हने, आजी, कामावरचा मिस्त्री म्हनतो झालं, तुले काय वाटते, खोलू का?

मले इचारलं. या घरात, या सवालासाठी, कोनीतरी पहिल्यांदा मले इचारलं. साऱ्या जिंदगीभर ज्याच्यासाठी जळली तो सवाल माझ्या मांडीवर येऊन पडला. मी तोंड उघडलं, आन् काय निंघालं माझ्या तोंडून माहीत आहे? म्हनलं, जाय, सायत्रेले घेऊन ये.

उद्या सकाळी आनते तो तिले गाडीवर बसवून. ते हात लावून पाहीन, वाटलं तं म्हनन, नाई तं नाई म्हनन. पन म्हनली, तं खाली मी उभी राहीन तिच्या बाजूले, तिचा हात धरून, एकटीले नाई उभी राहू देनार. तुमी बी या उद्या पाहाले, पन तुमी बाहेरूनच पाहा.